बारावा वॉशर

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.
सोहारच्या दवाखान्यात सकाळी आठपासून
मी लोकांचे दात खरवडते,
आणि आज गुरुवारी, इशाची नमाज झाल्यावर,
घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली
चौऱ्याऐंशी सालच्या जीएमसीचा मॅनिफोल्ड.

गाडी घरमालकाच्या बापाची.
म्हातारा गेला, आणि ही कडुनिंबाखाली
चाकांतली हवा सोडून चार वर्षं बसून राहिली.
हनीफनं दीडशे रियालला घेतली
आणि त्याच आठवड्यात बंदरावर
शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलं.
म्हणून टॉर्च त्याच्या डाव्या हातात,
पाना माझ्या.

इंजिन सुरू व्हायचं, पण धापा टाकत.
सांध्याच्या कडेनं साबणाचं पाणी सोडलं
तर आतल्या आत गटकन ओढून घेतलं.
हनीफ म्हणाला, बघ, इथून चोरून श्वास घेतंय.

रात्रीचे दहा, छत्तीस डिग्री.
डिस्ट्रिब्यूटर उपसण्याआधी
त्याचं तोंड कुठे होतं तिथे
नेलपॉलिशची खूण केली.
नणंदेच्या लग्नातली लाल बाटली, सुकत आलेली.
कार्बोरेटर ताटात ठेवला, झाकून,
जेवायला उशिरा येणाऱ्या माणसाचं ठेवतात तसा.
मग एकेक बोल्ट.
सातवा कुरकुरला. त्याला डिझेल पाजून
आम्ही चहा घेतला.

मॅनिफोल्ड उचलायच्या आधी
वरच्या खळग्यातून निघालं ते:
वाळू, काथ्याचं घरटं, उंदरानं साठवलेल्या
खजुराच्या बिया (मी मोजल्या नाहीत, पण ओंजळभर),
पंचवीस बैशांचं एक नाणं.
नाणं हनीफनं खिशात टाकलं. म्हणाला, दीडशेतून वजा.

गॅस्केट दगड झालेलं.
पोर्टांत चिंध्या कोंबून मी ते खरवडत बसले
दवाखान्यातून बाद झालेल्या हत्यारांनी.
हात बसलेला आहे. हिरडी आणि लोखंड
दोन्हींकडे एकच नियम:
घाण निघाली पाहिजे, खालचं दुखता कामा नये.

मग वॉशर मोजले.
बोल्ट बारा.
वॉशर अकरा.

पुन्हा मोजले. ताट झाडलं, चटई झटकली,
हनीफच्या चपला उलट्या केल्या.
चुंबक दोरीला बांधून विहिरीत सोडतात तसा सोडला,
तो रिकामा वर आला.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही
पण तिसऱ्या पोर्टाच्या तळाला लागतो.
माझा तोंडातला छोटा गोल आरसा
आठही भोकांतून फिरला.
काजळी. दुसरं काही नाही.

हनीफ म्हणाला, बंद कर. चालेल.
मी म्हटलं, दाढेत मोडकी सुई ठेवून
आम्ही कुणाला घरी पाठवत नाही.
त्यावर तो काही बोलला नाही.
टॉर्च मात्र जरा खाली गेला.

अडीचला मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन पुसत होते.
बोल्टांच्या भोकांभोवती
जुन्या नारिंगी रंगाची कडी, गोल, शाबूत,
वॉशरनं झाकून ठेवलेली.
अकरा.
बाराव्या भोकाभोवती नुसते ओरखडे.
बोल्टचं डोकं थेट लोखंडावर फिरलेलं.

म्हणजे हरवला होता, पण आमच्याकडून नाही.
कुणीतरी कधीतरी इथेच कुठे वाकून
बारा बोल्ट, अकरा वॉशर मोजले असतील,
शिव्या घातल्या असतील,
आणि पहाट व्हायला आली म्हणून
आवळून टाकलं असेल.

सकाळी घरमालक सुलेमान आला. विचारलं.
हसला. म्हणाला, बाबा मेकॅनिककडे जायचेच नाहीत.
तेवढंच.

बारावा वॉशर हनीफच्या डब्यातला, नवा.
मधून सुरुवात, मग तिरकस, मग कडेला,
तीन फेऱ्यांत, घाई न करता आवळलं.
खुणेवर खूण. चावी.
एकदा खोकलं, दोनदा,
मग बसल्या आवाजात चालू राहिलं.
सुलेमाननं बॉनेटवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

खाली फरशीवर एक ओला डाग आहे.
रेडिएटरचा की वरच्या एसीचा,
ते अजून ठरलेलं नाही.